मुलांचं बीपी: आधी दंड मोजा

२०२५च्या जुलैमध्ये नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन एक बातमी देशभर फिरली. समोसा आणि जिलबीवर आता सिगारेटच्या पाकिटासारखे इशारे येणार, अशी ती बातमी. लगोलग केंद्र सरकारने खुलासा केला, की कोणत्याही पदार्थावर इशारा छापायचा नाही. कार्यालयांमध्ये साखर आणि तेलाचं प्रमाण दाखवणारे फलक लावा, एवढीच सूचना आहे. पण तोवर भांडण रंगात आलं होतं. ‘आधी पिझ्झा-बर्गरवर लावा’ म्हणणारे एका बाजूला, ‘लोकांना कळतच नाही, त्यांना धाक हवा’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. त्याआधी मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, तेव्हाही याच दोन बाजू याच सुरात बोलल्या होत्या. मुलांच्या लठ्ठपणाची आपली सगळी सार्वजनिक चर्चा ही अशी पदार्थांच्या अब्रूभोवती फिरते. ज्या मुलासाठी हे चाललंय त्याच्या शरीरात आज काय बिघडलंय, हे बघायची कोणाला घाई नाही. आणि फलक साखरेचे नि तेलाचे. बीपीशी ज्याचं थेट नातं आहे ते मीठ या वादात फिरकलंच नाही.

माझं म्हणणं असं. लठ्ठ मुलाचा रक्तदाब वयाच्या तिसऱ्या वर्षापासून, डॉक्टरकडे जाईल त्या प्रत्येक वेळी मोजला गेला पाहिजे. दंडाला बांधायचा हवेचा पट्टा (कफ) त्याच्या दंडाच्या मापाचा घेऊन मोजला पाहिजे, आकडा त्याच्या वयाशी आणि उंचीशी ताडला पाहिजे, आणि जास्त आला तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा खात्री झाल्याशिवाय त्याला कोणतंही नाव देता कामा नये. हे काम फलकांच्या आधीचं आहे. मात्र ते धसमुसळेपणाने, एका दिवसाच्या शिबिरात उरकायचं असेल तर न केलेलं बरं.

मुळात मुलांना बीपी असतं का, इथूनच सुरुवात करावी लागते. ‘खात्यापित्या घरचं पोर आहे, वयात आलं की अंग उतरेल’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि अनेकदा अंग उतरतंही. पण जगभरच्या अभ्यासांचा २०१९ साली एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात प्रमाणात वजन असलेल्या मुलांमध्ये उच्च रक्तदाब दोन टक्क्यांच्या आत होता आणि लठ्ठ मुलांमध्ये १५ टक्क्यांच्या वर. म्हणजे दर सहा-सात लठ्ठ मुलांमागे एक. कारणही गूढ नाही. वाढलेली चरबी लेप्टिन आणि इन्सुलिन ही हार्मोन्स चढी ठेवते, त्यातून शरीराची ‘पळा किंवा लढा’वाली मज्जासंस्था सतत जागी राहते, मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकायच्या ऐवजी धरून ठेवतं, सोडियमबरोबर पाणी थांबतं आणि दाब वाढतो. त्यात मूल घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडकत असेल, तर रात्री खाली यायला हवा तो दाब रात्रीही उतरत नाही. हे सगळं होताना मुलाला काहीही जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. तक्रारीची वाट पाहत बसणारा पालक इथे फसतो.

डॉक्टरही फसतात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे १२०/८० हा आकडा. तो आपल्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की त्याच्या आतलं सगळं आपल्याला निर्धोक वाटतं. दहा वर्षांचा, सरासरी उंचीचा मुलगा घ्या. त्याचं बीपी ११८/७८ आलं. ‘नॉर्मल आहे, काळजी नको’, असं सांगून त्याला घरी पाठवलं जाण्याची शक्यता दाट. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१७मध्ये जे तक्ते दिले, त्यांत या मुलाची ९५व्या शतमकाची रेषा, म्हणजे शंभरातल्या ९५ मुलांचा दाब जिच्या आत असतो ती, ११६/७७ आहे. म्हणजे हेच माप तीन वेगवेगळ्या भेटींत टिकलं तर तो पहिल्या पायरीचा उच्च रक्तदाब आहे. तेरा वर्षांपासून पुढे हिशेब सोपा होतो: १२०/८०च्या खाली ठीक, वरचा आकडा १२० ते १२९ असेल तर वाढता, १३०/८०पासून पहिली पायरी, १४०/९०पासून दुसरी. तेराच्या आतल्यांसाठी मात्र वय, लिंग आणि उंची तिन्ही बघावी लागतात. ज्यांना तक्ता उघडायला वेळ नाही त्यांच्यासाठी त्याच मार्गदर्शिकेत चाळणीचे आकडे आहेत. मुलग्यांसाठी सात वर्षांना १०६/६८, दहाला १०८/७२, बाराला ११३/७५. मुलींचे आकडे एखाद्या अंकाने इकडेतिकडे. यातला वरचा किंवा खालचा, कोणताही एक आकडा गाठला गेला तर तक्ता उघडायचा, एवढाच त्यांचा अर्थ. तो आजाराचा शिक्का नव्हे. हे तक्ते काढताना जादा वजनाची मुलं मुद्दाम वगळली होती, नाहीतर आजारालाच सरासरी मानण्याची चूक झाली असती.

नुसतं मोजून भागत नाही, हे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका अभ्यासाने २००७मध्ये दाखवलं. तिथल्या दवाखान्यांत १४ हजारांवर मुलांच्या नोंदी तपासल्या. ५०७ मुलांची मापं उच्च रक्तदाबात बसत होती. त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या कागदावर तसं निदान लिहिलेलं सापडलं. बाकीच्यांचा आकडा कोणीतरी मोजला होता, कागदावर लिहिलाही होता. तक्ता कोणी उघडला नव्हता.

आता पट्ट्याबद्दल, कारण सगळी गोम तिथे आहे. यंत्रापेक्षा पट्टा महत्त्वाचा. पट्ट्याच्या आतल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के हवी, आणि लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के. घेर मोजायचा तो खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, शिवणकामाच्या टेपने. लठ्ठ मुलाचा दंड २८ सेंटिमीटर भरला तर पिशवी सव्वाअकरा सेंटिमीटर रुंद लागेल. ‘चाइल्ड’ असं छापलेल्या पट्ट्याची पिशवी साधारण नऊ सेंटिमीटरची असते. तो पट्टा या दंडावर बांधला की दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि निरोगी मुलाच्या घरात उगाच घबराट होते. उलट, काडीसारख्या हाताच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळला की दाब कमी दिसतो आणि खरा आजार निसटतो. म्हणून पट्ट्यावर छापलेलं वय वाचूच नये, दंड मोजावा. फार स्थूल किशोरांना मोठ्यांचा मोठा पट्टा, क्वचित मांडीचा पट्टाही लागतो. एका जागी चार मापांचे पट्टे ठेवायला फार खर्च नाही, पण बहुतेक ठिकाणी एकच सापडतो आणि तोच सगळ्यांना बांधला जातो.

बाकीची पथ्यं साधी, पण घाईत नेमकी हीच मोडली जातात. मूल तीन ते पाच मिनिटं शांत बसलेलं हवं; पाठ टेकलेली, पाय जमिनीवर टेकलेले, लोंबकळणारे नकोत. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. आणि घट्ट बाही वर सरकवून तिचाच पीळ बसू द्यायचा नाही. मोजताना कोणी बोलायचं नाही, मुलानेही नाही आणि आईनेही. उजवा हात वापरायचा. हृदयातून निघणारी मुख्य धमनी काही मुलांत जन्मतः अरुंद असते, तेव्हा डाव्या हाताचं माप फसवं कमी येऊ शकतं. आपोआप मोजणारं यंत्र चाळणीपुरतं ठीक. आकडा जास्त आला तर त्याच बैठकीत आणखी दोनदा मोजून त्या दोन मापांची सरासरी घ्यायची, आणि तीही जास्त असेल तर स्टेथोस्कोप लावून, दाब सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच्या वेगाने उतरवत, खात्री करायची. जिन्यावरून धावत आलेल्या, मधल्या सुट्टीत कबड्डी खेळून आलेल्या किंवा रडून थांबलेल्या मुलाचं माप लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आता घेतो. अमेरिकेतल्या प्रतिबंधात्मक आरोग्यसेवांच्या अधिकृत कृतिगटाने २०२०मध्ये सांगितलं, की कोणतीही तक्रार नसलेल्या मुलांचं बीपी सरसकट तपासण्याने फायदा होतो की तोटा, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. हा गट हलक्यात घेण्यासारखा नाही, आणि त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण पुरावा अपुरा का, हेही विचारायला हवं. दहा वर्षांच्या मुलाचं बीपी आज कमी केल्याने त्याचा पक्षाघात टळला का, हे ठरवायला चाळीस वर्षं थांबावं लागेल. तेवढी चाचणी कोण चालवणार?

असा वाद वैद्यकाने एकदा घालून झालेला आहे. मार्च १९४४मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात तपासलं, तेव्हा त्यांचं बीपी १८६/१०८ होतं. बाहेर मात्र प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे, असंच सांगितलं जात होतं. त्या काळी अनेक नामांकित डॉक्टर असंही मानत, की वाढलेला दाब ही शरीराने केलेली तडजोड आहे, तिला हात लावू नये. १२ एप्रिल १९४५ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दुपारी दाब ३००/१९० मोजला गेला. उपचारांनी जीव वाचतात हे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या चाचणीने दाखवलं ते १९६७मध्ये, अवघ्या १४३ पुरुषांवर. मधल्या बावीस वर्षांत ‘पुरावा नाही’ हे वाक्य खरंच होतं. दाबाने होणारं नुकसान त्यासाठी थांबलं नव्हतं. ही तुलना ताणू नये, हे मान्य. रूझवेल्टांचा दाब टोकाचा होता, मुलांचा तसा क्वचित असतो, आणि ती चाचणी औषधांची होती. पण मुलांबाबतही आपण अगदी अंधारात नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं १९५३मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय बावीस, आणि ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा. लुइझियानातल्या बोगालुसा गावात १९७०च्या दशकापासून मुलांचा पाठपुरावा झाला. त्यांतल्या जी मुलं आणि तरुण अपघाताने वा अन्य कारणाने दगावले, त्यांच्या धमन्या पाहिल्या तेव्हा वजन, बीपी, कोलेस्टेरॉल असे धोके जितके जास्त, तितकं धमन्यांचं नुकसान जास्त निघालं. आणि २०११ साली अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या चार दीर्घ अभ्यासांतल्या ६,३२८ जणांची माहिती एकत्र केल्यावर दिसलं, की लहानपणी जाड असून मोठेपणी लठ्ठ न राहिलेल्यांचा उच्च रक्तदाबाचा धोका कधीच जाड नसलेल्यांच्या जवळपास आला होता. वेळेवर वळलं तर हिशेब मिटतो. याहून आशादायक आकडा या विषयात क्वचित सापडेल, आणि फलकांच्या वादात तो कोणी उच्चारत नाही.

दुसरा आक्षेप खोट्या धोक्याच्या घंटेचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ह्यूस्टनच्या शाळांत ५,१०२ मुलं तपासली. पहिल्या दिवशी १९.४ टक्के मुलांचं बीपी जास्त आलं. दुसऱ्या फेरीत ९.५ टक्के उरले, तिसऱ्या फेरीत ४.५. पहिल्याच दिवशी ‘तुमच्या मुलाला बीपी आहे’ अशा चिठ्ठ्या घरी गेल्या असत्या, तर चारपैकी तीनहून अधिक घरं विनाकारण हादरली असती. आपल्याकडे वाढदिवसाच्या, जयंतीच्या निमित्ताने जी आरोग्य शिबिरं होतात, त्यांत नेमकं हेच होतं: एक यंत्र, एक पट्टा, समोर तीनशे मुलांची रांग, शेजारी लाऊडस्पीकर आणि फोटोची घाई. मग मोजूच नये का? त्याच ह्यूस्टनच्या शाळांत तिसऱ्या फेरीनंतरही सर्वांत जाड गटातल्या ११ टक्के मुलांचा दाब जास्तच राहिला, सर्वांत सडपातळ गटात दोन टक्के. घंटा खोटी ठरते ती एकदाच वाजवून पळून गेल्यामुळे. पहिलं माप वाढता गटात असेल तर सहा महिन्यांनी, पहिल्या पायरीत असेल तर एक-दोन आठवड्यांनी, पुन्हा तीन महिन्यांनी, असं ठरलेलं वेळापत्रक आहे. दुसऱ्या पायरीच्या मापाला मात्र आठवड्याच्या आत बालरोगतज्ज्ञ हवाच; आणि आकडा ९५व्या शतमकाच्या रेषेहून तीसने वर (किशोरांत १८०/१२०च्या पलीकडे) असेल किंवा मुलाला डोकेदुखी, उलट्या, झटके असतील तर त्याच क्षणी रुग्णालय. डॉक्टरचा पांढरा डगला बघून चढणारं बीपी ओळखायला चोवीस तास दंडावर राहणारं यंत्र आहे, आणि लठ्ठ मुलांत ते विशेष उपयोगी, कारण काहींचं उलटं असतं: दवाखान्यात ठीक, घरी जास्त.

तिसरा आक्षेप मुलाच्या मनाचा. जाड मुलाला आधीच वर्गात टोपणनावं असतात. त्यात सगळ्यांसमोर वजन आणि बीपी वाचून दाखवलं तर ते पुढल्या वर्षी तपासणीच्या दिवशी पोटदुखीचं निमित्त करून घरीच राहील. यावर उपाय तपासणी बंद करणं हा नाही. आडोशाला मोजा, आकडा मोठ्याने सांगू नका, चिठ्ठी बंद पाकिटातून पालकांना द्या, आणि तिच्यात ‘उच्च रक्तदाब’ न लिहिता ‘पुन्हा मोजण्याची गरज’ एवढंच लिहा.

चौथा आक्षेप खास आपला आहे. मेळघाटात कुपोषण असताना जाड मुलांची कसली कौतुकं करता? हा राग समजतो. पण ही दोन वेगळी दुखणी आहेत असं धरून बोलणं चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचं दाखवणारं काम पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि बाळांचा १९९३पासून अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी होती, तरी त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. पोटात उपाशी राहिलेलं हेच बाळ पुढे शहरात वाढताना भराभर वजन धरतं, तेव्हा धोका त्याचाच जास्त. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५च्या वाढीच्या तक्त्यांत जादा वजनाची आणि लठ्ठपणाची रेषा प्रौढांच्या २५ आणि ३०ऐवजी २३ आणि २७च्या बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जुळवली. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर बीएमआय रेषेच्या आत असला तरी बीपी मोजावं, असं मी म्हणेन.

आकडा खरा ठरला की पुढे काय? इथे घरोघरी होणारी पहिली चूक म्हणजे मुलाला खेळातून काढणं. दुसऱ्या पायरीचा दाब असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत स्पर्धा आणि वजनं उचलणं थांबवावं लागतं; एरवी आठवड्यातून तीन ते पाच दिवस, अर्धा ते एक तास घाम येईल असा खेळ हाच उपचार आहे. दुसरी चूक उपाशी ठेवण्याची. वाढत्या वयात पुष्कळ मुलांना वजन घटवायची गरजच नसते. ते आहे तिथे रोखलं तर उंची आपलं काम करते. उंचीवरून एक खूणही मिळते. साध्या लठ्ठपणात मूल वयाच्या मानाने उंच असतं. जाड आहे, बीपी आहे आणि उंची खुंटली आहे, तर हार्मोन्सचा आजार शोधावा लागतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलात मूत्रपिंडाचा आजार आधी शोधायचा, मूल कितीही गुटगुटीत असो.

मग मीठ. ताटातलं मीठ काढून पालक निश्चिंत होतात आणि डब्यात लोणचं, पापड, फरसाण, सॉस तसंच राहतं. पापडखार आणि खाण्याचा सोडा हेही सोडियमच आहेत. पाव आणि बिस्किटं खारट लागत नाहीत म्हणून सुटतात. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणलं की तेवढे मिलिग्रॅम मीठ. शंभर ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या मर्यादेचा निम्मा वाटा. मुलाची मर्यादा त्याहून कमी. सैंधवाने काही बदलत नाही, तेही मीठच. पोटॅशियम घातलेलं ‘लो सोडियम’ मीठ जागतिक आरोग्य संघटनेने २०२५मध्ये सुचवलं ते प्रौढांसाठी. मुलांना त्या शिफारशीतून वगळलेलं आहे. सहा महिने हे सगळं करूनही दाब उतरला नाही, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली दिसली, किंवा मधुमेह वा मूत्रपिंडाचा आजार जोडीला असेल, तर औषध द्यावं लागतं. ‘एवढ्याशा पोराला बीपीची गोळी?’ हा धक्का खरा, पण वजन उतरल्यावर ती अनेकदा बंदही करता येते.

राहिला प्रश्न मोजणार कोण याचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. त्याची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जातात. त्या कार्यक्रमाच्या मूळ तीस आजारांच्या यादीत जन्मजात हृदयरोग आहे, दातांची कीड आहे, उच्च रक्तदाब नाही. आणि भरपूर फी घेणाऱ्या ज्या खासगी शाळांत जाड मुलं जास्त, तिथे ही पथकं जातच नाहीत. जपानने १९७४पासून दरवर्षी प्रत्येक शाळकरी मुलाची लघवी मूत्रपिंडाच्या आजारासाठी तपासायला घेतली. तेवढी यंत्रणा आपण उद्या उभारणार नाही. पण एक जागा आयती आहे. पाच वर्षांचा बूस्टर झाला की मूल तापाशिवाय डॉक्टरकडे फिरकत नाही, तरी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस सरकारी वेळापत्रकातच आहे. त्या दोन भेटींना सगळ्यांचं बीपी मोजावं, त्यांतल्या जाड मुलांचं पुढे दरवर्षी. टोचायच्या आधी, पाच मिनिटं बसवून. सुई लागल्यावर घेतलेलं माप कामाचं नाही.